बाराव्या महिन्याचे पाहुणे

आक्कांनी मला कधीही माझ्या नावाने हाक मारली नाही. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा, म्हणून त्यांच्यासाठी मी सेलू. माझ्या शेजारच्या फ्लॅटमधला फिटर कोकणातला, म्हणून तो चिपळूण. वरच्या मजल्यावरचं जोडपं गोरखपूर. आमच्या दारांना बेल होत्या, खिशात मोबाइल होते, गेटवर इंटरकॉम होता. आक्का मात्र पार्किंगच्या मधोमध उभ्या राहायच्या, पदर खोचायच्या, मान वर करायच्या आणि ओरडायच्या, "ए सेलूऽऽ!" त्या हाकेला तिन्ही विंगच्या गॅलऱ्यांत माणसं यायची. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. पुढे सवय झाली, आणि नंतर तर गावाकडून परत आल्यावर ती हाक ऐकू येईपर्यंत आपण घरी पोचलो असं वाटेनासं झालं.

मोशीतली आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन आक्कांच्या सासऱ्यांची. ती डेव्हलपमेंटला दिली तेव्हा त्यांच्या वाट्याला काही फ्लॅट आले. कागदोपत्री ते सगळे त्यांच्या एकुलत्या मुलाच्या नावावर होते. पण भाडेकरू कोण ठेवायचा, हे आक्काच ठरवायच्या. स्वतः त्या कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या जुन्या बैठ्या घरात राहायच्या. बिल्डरला तिथे क्लब हाउस करायचं होतं. आक्कांनी त्याला जेवायला वाढलं, ताक दिलं, आणि घर काही दिलं नाही.

लिफ्टमध्ये त्यांनी कधी पाय ठेवला नाही. "उभ्या उभ्या वर जायला मी काय इहिरीतली बादली हाय?" असं म्हणून त्या जिना चढायच्या, प्रत्येक मजल्यावर बसायच्या आणि ज्याच्या दारात बसल्या त्याच्याकडे पाणी मागायच्या. त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना आपोआप कळायचं.

ए, बी, सी ही विंगची नावंही त्यांना मान्य नव्हती. जिथे ए विंग आहे तिथे पूर्वी खडकाळ माळ होता, म्हणून ती 'खडकाळ'. बी विंग 'चिंचेखालचं'. आमची सी विंग 'इहिरीची पट्टी'. कुरिअरवाल्याने पत्ता विचारला की त्या सांगायच्या, "इहिरीच्या पट्टीत जा, तिसऱ्या माळ्यावर." तो बिचारा विहीर शोधत फिरायचा. ए विंगमध्ये पार्किंगवरून रोज भांडणं होत. आक्कांना त्याचं अजिबात आश्चर्य नव्हतं. "आरं, तिथं बाजरीसुदिक धड येत नव्हती," त्या म्हणायच्या, "मानसं कुठून धड यायची?"

रोज उजाडताना त्या काठी घेऊन कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने पूर्ण फेरी मारायच्या. सोसायटीतले लोक वाटेत दिसले की त्यांना वाटायचं, आजी मॉर्निंग वॉक करतात. आक्का बांधावरून फिरत होत्या. कुठे पाइप गळतोय, कुणाच्या गाडीचं तेल सांडलंय, कुठल्या गॅलरीत रात्रभर दिवा राहिला, हे त्या पीक बघावं तसं बघायच्या.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो दिवस मला स्पष्ट आठवतो. चाकणला नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. एका मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपत होतो. एजंट म्हणायचे, बॅचलरला कुणी देत नाही. कुणी गावाचं नाव ऐकून पुढचं बोलायचं नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वडील बाजार समितीत हमाली करायचे. ते गेले, आणि आईने मला शिकवलं. त्यामुळे मला वाटायचं की पदवीचा कागद दाखवला की दारं उघडतील. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी आक्कांच्या ओट्यावर बसलो.

त्यांनी पिशवीकडे पाहिलंही नाही. "गाव कंचं?"

"सेलू."

"काय पिकतं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "जी?"

"तुज्या गावात काय पिकतं, म्हनलं."

"कापूस. तूर, सोयाबीन. ज्वारी पण होते. पण कापूस जास्त."

"पिकतो का नुसता लावत्यात?"

"पाऊस झाला तर पिकतो," मी म्हणालो.

त्या हसल्या. "खरं बोलतोय. ऱ्हा."

एवढीच मुलाखत. माझ्याआधी आलेल्या एका मुलाला त्यांनी परत पाठवलं होतं. तो हिंजवडीत मोठ्या पगारावर होता, पण गावात काय पिकतं विचारल्यावर "आमचे आजोबा करायचे काहीतरी" असं म्हणाला होता. आक्कांचं त्याच्याबद्दल वाईट मत नव्हतं. "पोरगं गुनी हाय," त्या म्हणाल्या, "पर त्याला कुठून आलो ठाव न्हाई. अशी मानसं टिकत न्हाईत. दरवाजा उघडा टाकून जात्यात."

पहिल्या दिवाळीला गावी निघालो तेव्हा त्यांनी बजावलं, "येताना तिकडचं बी आण." मी सरकी आणली, मूठभर. त्यांनी ती पंप हाउसच्या शेजारी, भिंतीलगतच्या पट्टीत टोचली. चिपळूणने कोकमाचं रोप आणलं होतं, ते मेलं. "तुजं गाव रुसलं," आक्का त्याला म्हणाल्या. माझा कापूस मात्र आला. सोसायटीच्या कमिटीला त्या पट्टीत लॉन लावायचं होतं. माळ्याने एकदा झाडं उपटली, आक्कांनी पुन्हा सरकी टोचली. त्याने पुन्हा उपटली, त्यांनी पुन्हा टोचली. शेवटी माळीच कंटाळला आणि त्या पट्टीला पाणी घालू लागला. बोंडं फुटली की आक्का ओट्यावर बसून वाती वळायच्या आणि दिवाळीला प्रत्येक भाडेकरूच्या दारी वातींची जुडी ठेवायच्या.

पण आक्कांची खरी ओळख म्हणजे त्यांचा रिकामा दिवस.

भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे करार संपला की दुसरा होतो, आणि भाडेकरू आपल्या जागी असतो. पण पहिला फ्लॅट भाड्याने दिला तेव्हा कुणा एजंटाने आक्कांना सांगितलं होतं, "आक्का, बारावा महिना लागला की भाडेकरू हक्क सांगतो. अकरा महिने झाले की घर रिकामं करून घ्यायचं." त्याला म्हणायचं होतं ते कागदावर. आक्कांनी ते शब्दशः घेतलं. घर खरोखर रिकामं झालं पाहिजे. एक दिवस तरी त्यात चूल पेटता कामा नये, देव राहता कामा नयेत, माणूस झोपता कामा नये.

मग भाडेकरू त्या दिवशी जाणार कुठे? हा प्रश्न त्यांना पडला, आणि त्याचं उत्तर त्यांनीच काढलं. आपल्याकडे यायचं. पाहुणा म्हणून.

म्हणून करार संपला की आम्ही गॅसची शेगडी, देव आणि अंथरूण घेऊन खाली त्यांच्या घरी उतरायचो. वरचं सामान तसंच, पण दाराला कुलूप, आणि किल्ली आक्कांच्या कनवटीला. त्या दिवशी त्या आम्हाला कसलंच काम करू द्यायच्या नाहीत. पाय धुवायला गरम पाणी, मग चहा, मग जेवायला मासवडी, तिचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर बसत बसत त्या आमच्याबरोबर वर यायच्या, उंबऱ्यावर नारळ फोडायच्या, आमच्या शेगडीवर दूध उतू घालायच्या आणि म्हणायच्या, "ऱ्हा आता."

एका वकिलाने त्यांना समजावलं होतं की कायद्याला याची काही गरज नाही. आक्का म्हणाल्या, "तुज्या कायद्याला नसंल. माज्या घराला हाय. अकरा म्हैनं मानूस भाडं देतो, तवा त्यो भाडेकरू. एक दिस तरी त्यानं फुकाट खाल्लं पायजे. न्हाई तर त्यो काय नुसता भाडं द्यायलाच जन्माला आला?"

काही भाडेकरू हसायचे. काहींना तो कटकटीचा प्रकार वाटायचा आणि ते दुसरीकडे जायचे. मी राहिलो. वर्षभर मला कंपनीत, बसमध्ये, गेटवर, कुठेही कुणी 'बस' म्हणायचं नाही, आणि एक दिवस एक बाई माझ्या पायावर गरम पाणी ओतायची. त्यासाठी शेगडी उचलून तीन मजले उतरायला माझी काही हरकत नव्हती.

माझं लग्न झालं तेही याच घरात राहत असताना. बायको हिंगोलीकडची. तिची आई लहानपणीच गेलेली, भाऊ नाही, वडील एकटे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण तिला माहेर असं नव्हतंच. म्हणून आठव्या महिन्यात माझी आई सेलूहून आली. आई तोवर कधी भाड्याच्या घरात राहिली नव्हती. आमचं गावाकडचं घर पत्र्याचं, पण स्वतःचं. इथे ती खिळा ठोकतानाही मला विचारायची, "परक्याचं घर हाय, ठोकू का?"

त्याच सुमाराला आक्कांचा मुलगा एका संध्याकाळी वर आला. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. प्लॉटिंगचा व्यवसाय, पांढरा शर्ट, मोठी गाडी. माणूस वाईट नव्हता, घाईत असायचा. सोफ्यावर न बसताच म्हणाले, "राव, स्पष्ट सांगतो. करार संपतोय, या वेळी नवा करत नाही. एका कंपनीला गेस्ट हाउससाठी पाहिजे. सगळे फ्लॅट एकदम घेतायत. पहिला तुमचाच मोकळा होतोय."

मी म्हणालो, "दादा, घरात दिवस भरत आलेत. दोन-तीन महिने..."

"मला समजतंय हो. पण कंपनी थांबत नाही."

आई आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. दादा गेल्यावर तिने फक्त विचारलं, "आता आपण लेकराला कुठं आणायचं रे?" त्या एका प्रश्नापायी मी पुढचे कितीतरी दिवस मोशीपासून चाकणपर्यंत घरं पाहिली. दिवस भरलेली बाई घरात आहे म्हटल्यावर मालक नजर चुकवायचे. 'बाळंतपण आमच्याकडे नको' हे कुणी तोंडाने म्हणायचं नाही. जागा अचानक दुसऱ्याला दिलेली असायची.

करार संपायचा दिवस आला, आणि पार्किंगमधून नेहमीसारखी हाक आली. "ए सेलूऽऽ! उतरा खाली! शेगडी आना!"

चिपळूणने मला जिन्यातच गाठलं. "खुळा झालास काय रे तू? आज उतरू नको. आत बसून राहा. बाईचे दिवस भरलेले असताना कोण तुला बाहेर काढतो बघू. एकदा कुलूप लावून किल्ली दिलीस की संपलं. त्या किल्लीवर दादाचा हात पडला की गेस्ट हाउस!"

"किल्ली आक्कांकडे असते."

"आणि फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?"

मी घरात आलो तेव्हा बायको देव्हाऱ्यातले देव ताम्हणात ठेवत होती. "अगं, चिपळूण म्हणतो..."

"मी ऐकलंय," ती म्हणाली. "शेगडी घ्या. आक्का उन्हात उभ्या आहेत."

आम्ही उतरलो. आई कुलपाकडे वळून वळून बघत होती. आक्कांनी किल्ली कनवटीला लावली, माझ्या बायकोला पाटावर बसवलं आणि तिच्या पायांवर गरम पाणी घातलं. मग त्या आईकडे वळल्या, तर आईने पाय मागे घेतले. आक्का म्हणाल्या, "पाव्हणीनं लाजायचं न्हाई."

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि दादा आले.

"आई, किल्ली दे."

"हात धू. मासवडी हाय."

"जेवायला नाही आलो. किल्ली पाहिजे. उद्या कंपनीची माणसं बघायला येतायत."

"पाव्हणं जेवत्यात," आक्का भाकरी थापत म्हणाल्या. "ताटावर घरादाराच्या गोष्टी न्हाई करायच्या. तुज्या बापानं कधी केल्या न्हाईत."

"मग कधी करायच्या?"

"पाव्हणं गेल्याव."

"उद्या सकाळी जाणार ना ते?"

"मी जा म्हनल्याव जातील. पाव्हण्याला कोन जा म्हनतं का?"

दादा बूट घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला नाही. आम्ही वर गेलो नाही. किल्ली कनवटीला तशीच. ना ती आक्का दादांना देत होत्या, ना आम्हाला. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "कागुद त्याचा हाय. त्याच्या मनाइरुद्ध तुला कशी वर नेऊ? आन् पाव्हण्याला बाहेर कशी काढू? गप खा."

तिसऱ्या दिवशीही तेच. दादा रोज यायचे, आणि नेमके आमच्या जेवणाच्या वेळी यायचे. मला आता शंका येते की आक्का त्यांच्या गाडीचा आवाज ऐकूनच ताटं घ्यायच्या. एकदा ते दुपारी भलत्याच वेळी आले, तेव्हा आक्कांनी आम्हाला कैरीचं पन्हं देऊन बसवलं होतं. "पन्हंसुदिक जेवनच हाय," त्या म्हणाल्या. दादांना हसू आलं. ते त्यांनी दाबलं, पण मी पाहिलं.

मी खालून शिफ्टला जायचो, खालीच परत यायचो. गणवेशाचे दोन जोड आक्कांच्या दोरीवर वाळत असायचे. माझ्या आईची फार घुसमट होत होती. "ह्या बाईच्या डोक्यात काय हाय, कळंना गेलंय मला," ती म्हणायची. "दुसऱ्याच्या घरी किती दिवस खायाचं?" मग तीही न राहवून चुलीपाशी बसू लागली. धपाटे करू लागली. आक्का सुरुवातीला तिला उठवायच्या, नंतर दोघी एकमेकींच्या मिठावरून भांडू लागल्या.

आणि मग एका सकाळी, दादा ओट्यावर उभे राहून "आई, आज शेवटचं सांगतो" असं म्हणत असतानाच, आतून माझ्या बायकोचं कळांनी कण्हणं ऐकू आलं.

रिक्षा मिळेना. शिफ्ट सुटायची वेळ, रस्त्यावर कंपन्यांच्या बसच्या रांगा. दादांनी काही न बोलता गाडीचं मागचं दार उघडलं. मी, आई, आक्का, सगळे त्या गाडीत. चौकात गर्दी अडली तेव्हा दादा स्वतः खाली उतरले आणि हात हलवत, ओरडत त्यांनी बसवाल्यांना मागे घ्यायला लावलं. "बाळंतीण हाय गाडीत! घे मागं!" एरवी आमच्याशी शहरी बोलणारे दादा त्या दिवशी आक्कांसारखं बोलत होते.

मुलगी झाली. नर्स बाहेर आली आणि तिने विचारलं, "पेशंटच्या माहेरचं कुणी आहे का?"

आईने मान खाली घातली. आक्का बाकावरून उठल्या. "हायेत ना. मी आई. आन् हा बाळाचा मामा." दादांच्या पाठीवर थाप मारून त्या म्हणाल्या, "उबा काय ऱ्हातो? पेढं आन."

दादा माझ्याकडे पाहत राहिले, मी त्यांच्याकडे. मग ते खरंच पेढे आणायला गेले.

दवाखान्यातून परत जायची वेळ आली तेव्हा कुठे जायचं हा प्रश्नच कुणी काढला नाही. बाळंतीण ज्या घरातून गेली त्याच घरात येणार, एवढं आक्कांना पुरेसं होतं. त्यांनी बाज टाकली, शेगडी पेटवली, ओव्याचा धूर केला. ज्या मुलीला माहेर नव्हतं तिचं साग्रसंगीत बाळंतपण झालं. डिंकाचे लाडू दादांच्या बायकोने पाठवले.

बारशाला सगळे भाडेकरू आले. गोरखपूरने पाळणा सजवला. मामाने कुंची आणायची असते, म्हणून दादा कुंची घेऊन आले होते आणि ती हातात कशी धरावी हे त्यांना कळत नव्हतं. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं. मग आक्कांनी सगळ्यांसमोर कनवटीची किल्ली काढली आणि दादांच्या तळहातावर ठेवली.

"घे. किती दिस मागत हुतास. मी म्हनले हुते, पाव्हणं गेल्याव दीन. आता इथं पाव्हणं कुनी न्हाई. ही लेक झाली माजी. लेकीला कुठं ठेवायचं, त्यो भावाचा इचार. मी त्यात पडत न्हाई."

माझ्या आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. दादा किल्लीकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "ताई, शेगडी कुठाय?"

ती त्यांनी स्वतः उचलली. पांढऱ्या शर्टला काळं लागलं. तीन मजले जिन्याने चढून ते वर गेले, कुलूप काढलं, ओट्यावर शेगडी ठेवली. आक्का मागून बसत बसत आल्या आणि त्यांनी नारळ फोडला. गेस्ट हाउसचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही. चिपळूण मात्र त्या दिवसापासून दादांना तोंडावर "मामा" म्हणू लागला आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

आक्कांनी हे सगळं आधीच ठरवलं होतं का, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. मला वाटतं, त्यांना सगळं दिसत होतं. बायको म्हणते, "नाही हो. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त पाहुण्याला जा म्हणता येत नव्हतं." आता मलाही तेच खरं वाटू लागलं आहे, आणि त्यांच्याबद्दलचा आदर त्याने वाढलाच आहे.

आक्का जाऊन वर्ष होत आलं. त्या गेल्यावर आमचा करार संपला तेव्हा मी दादांना फोन करावा की नको या विचारात होतो. शेगडी उचलायची की नाही, हेच समजत नव्हतं. तेवढ्यात पार्किंगमधून हाक आली. आवाज पुरुषाचा, जरा संकोचलेला. "ए सेलूऽ! उतरा खाली!" आम्ही गॅलरीत आलो. दादा पार्किंगच्या मधोमध उभे होते. त्यांच्या हातात मोबाइल होता. त्या रात्री आक्कांच्या घरी मासवडी दादांच्या बायकोने केली. रस्सा पातळ झाला होता. आम्ही दोनदा मागून घेतला.

जेवताना मला आक्कांचा शेवटचा रिकामा दिवस आठवत होता. तेव्हा त्यांचे गुडघे पार गेले होते. सकाळी हाक आली नाही, म्हणून मी खाली गेलो, तर त्या ओट्यावर बोचकं घेऊन बसलेल्या. "या टायमाला मला चूल झेपायची न्हाई," त्या म्हणाल्या. "मीच येते वर. माजंच घर आज रिकामं. ही घे किल्ली."

"जिना कसा चढणार, आक्का?"

"त्या बादलीतनं ने."

आम्ही लिफ्टमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. आक्का तिच्यावर बसल्या, दोन्ही हातांनी बोचकं धरलं आणि डोळे मिटून घेतले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा म्हणाल्या, "एवढंच व्हय?"

माझ्या आईने त्यांचे पाय धुतले. आक्कांनी पाय मागे घेतले, तर आई म्हणाली, "पाव्हणीनं लाजू ने." मग धपाटे झाले, दही झालं, मिठावरून भांडण झालं. माझी मुलगी तोवर शाळेत जाऊ लागली होती. ती त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. आक्का तिचं नाव रोज घ्यायच्या, पण त्या दिवशी त्यांनी तिला समोर बसवलं, अगदी पहिल्या दिवशी मी बसलो होतो तसं.

"गाव कंचं गं तुजं?"

मला वाटलं ती सेलू म्हणेल. आम्ही तिला तेच शिकवलं होतं.

"मोशी," ती म्हणाली.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर इमारतींवर इमारती होत्या. "बरं. काय पिकतं तुज्या मोशीत?"

मुलीला विचार करावा लागला नाही. जन्मल्यापासून तिने या गावात एकच पीक पाहिलं होतं, पंप हाउसशेजारी, भिंतीलगत.

"कापूस."

आक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आईने पाणी आणलं. त्या ते प्यायल्या, पदराने डोळे पुसले आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या,

"ऱ्हा आता."